खाज नाही म्हणजे खरूज नाही? फोंड्याच्या ताईंना उत्तर

ताई, कमेंट जरा तिखट आहे पण मुद्दा चांगला काढलात. तुमचं म्हणणं असं की खरजेचा किडा एकच, मग मी सांगतो तसं बाळाला डोक्यापासून मलम, नवऱ्याला मानेखाली आणि पॅरालिसिस झालेल्या सासूबाईंना खाज नसली तरी दाखवाच, हे म्हणजे लोकांना घाबरवणं, शिवाय तुमच्या घरी रोज दोनदा आंघोळ होते.

आंघोळीने हा किडा जात नाही हो, तो कातडीच्या वरच्या थरात बीळ करून बसलेला असतो. मादी अर्धा मिलिमीटरही नाही आणि रोज दोन-तीन अंडी घालते. आणि मुख्य म्हणजे खाज किडा चालल्यामुळे सुटत नाही, आपलं शरीर त्याच्यावर नि त्याच्या घाणीवर चिडतं त्याची ती खाज. म्हणूनच पहिल्यांदा खरूज झाली की ४ ते ६ आठवडे पत्ताच नसतो, आणि परत झाली की १ ते ४ दिवसांत माणूस खाजवायला लागतो. मग चिडणारं शरीरच वेगळं तर रोग वेगळा दिसणारच ना?

धडधाकट माणसाच्या अंगावर किडे किती, तर साधारण १०-१५, आणि तेवढ्यावर रात्रीची झोप खलास. बोटांच्या बेचक्या, मनगट, कंबर, जांघा, नेहमीच्या जागा. तान्ह्या बाळाचं मात्र तळहात, तळपाय, टाळू, चेहरा सगळीकडे, त्याला धड खाजवता येत नाही, नुसतं किरकिरतं, दूध पीत नाही आणि घरचे म्हणतात दात येतायत. म्हणून डोक्यालाही मलम. दोन महिन्यांखालच्या बाळाला तर परमेथ्रिनसुद्धा (खरजेचं नेहमीचं मलम) स्वतःच्या मनाने लावू नका, तिथे बहुतेक गंधकाचं मलम देतात.

आता सासूबाई. अंथरुणाला खिळलेलं माणूस, स्टिरॉइड चालू असलेलं, एचआयव्ही असलेलं, अशांना कधीकधी खाज फारशी येतच नाही किंवा खाजवायला हात उचलत नाही, आणि किडे वाढत वाढत हजारोंवर, कधी लाखोंवर जातात. वर जाड खपल्या, बघणाऱ्याला वाटतं सोरायसिस नाहीतर म्हातारपणाची कोरडी कातडी. नॉर्वेत १८४८ साली हा प्रकार नोंदला गेला तोसुद्धा कुष्ठरोग्यांत. म्हणजे घरात सगळ्यात कमी खाजवणारं माणूसच सगळ्यात जास्त पसरवत असू शकतं, आणि हात लावणारे तुम्ही सगळे.

फार्मसीतून परस्पर आणलेलं मिक्स क्रीम बंद करा (हे मी भिंतीला डोकं आपटून सांगतो!), त्यात स्टिरॉइड असतं, लाली जाते, किडे मजेत राहतात.

चवथीला घर भरायच्या आधी सगळ्यांनी एकाच रात्री मलम लावा, खाज असो नसो, आणि आठवड्याने परत. पावसात गोधड्या सुकत नाहीत हे मान्य, मग न धुता येणाऱ्या वस्तू पिशवीत आठवडाभर बांधून ठेवा. मलमानंतरही दोन-चार आठवडे खाज राहते, तेवढ्यावरून रोज मलम चोपडू नका. आणि सासूबाईंच्या नखांखाली टॉर्च मारून बघा, जाड भुसा दिसला तर नुसत्या मलमावर भागत नाही, गोळ्याही लागतात नि त्या वजन बघून देतात, तेव्हा त्यांना स्किनच्या डॉक्टरकडे न्याच.