साहेब ऑफ आहेत

माझे शंभर रुपये अजून परत आलेले नाहीत. शिवाय निशिगंधाचा एक हार तीन दिवस माझ्या स्कूटरच्या डिक्कीत होता, तो काल टाकला. आता डिक्की उघडली की तेराव्याचा वास येतो. हे सगळं एका शब्दापायी झालं. शब्द आहे ऑफ.

मंगळवारी बेळगावातल्या एका कचेरीत गेलो होतो. कुठल्या ते सांगत नाही, काम अजून तिथंच अडकलंय. शेताचा उतारा कन्नडात उतरवताना आमच्या आडनावातलं एक अक्षर गळालं. 1 नोव्हेंबर 2014 ला बेळगावचं बेळगावी झालं, गावाला फुकटात एक वेलांटी मिळाली. आमचं जे हक्काचं अक्षर होतं ते मात्र गेलं, आणि ते परत बसवून घ्यायला ही माझी चौथी खेप. खिडकीतल्या क्लार्कनं मान वर न करता सांगितलं, "साहेब्रु इल्ल री. ऑफ अदार."

इल्ल म्हणजे नाहीत. ऑफ म्हणजे सुट्टीवर, असा मी आपला अर्थ लावला आणि वळलो. वळलो तर मागं एक मामा. टोपी, धोतर, काखेत प्लास्टिकची पिशवी. बेळगाव मुंबई राज्यात होतं तेव्हापासूनचे, म्हणजे 1956 च्या आधीपासूनचे कागद त्या पिशवीत असावेत, इतकी ती फुगली होती.

"काय म्हणालाय ओ त्यो?"

"साहेब ऑफ आहेत."

मामांनी टोपी काढली. मला वाटलं उकडत असेल.

"कवा?"

"आजच."

"आजच? आणि ही माणसं कामाला बसल्यात?"

"मग काय करतील?"

"आरारारा. काल तर माझ्यासंगट बोल्ले की ओ. उद्या या म्हणाले."

"ते सगळ्यांनाच म्हणतात."

"काय झाल्तं?"

"काही नाही, मागच्या रविवारी ड्यूटी केली म्हणे. त्याच्याबद्दल असेल."

"रवारीबी ड्यूटी!" मामा बाकड्यावर बसले. "कामानंच गेला बगा माणूस."

आता 'गेला' हा शब्द आपला, त्याचा दोष इंग्रजांना देता येत नाही. सुट्टी मिळाली की बेळगावचा माणूस कुठं जातो, तर गोव्याला. त्यामुळं मी अगदी सहज म्हटलं, "हो, गेले असतील चोर्ला घाटातून."

"घाटात!"

मामांचा आवाज मोठा. रांगेतली चार डोकी वळली. पुढच्या पाच मिनिटांत साहेबांची गाडी दरीत कोसळली, ती पांढरी होती, आणि मागच्या सीटवर मेव्हणा होता, हे सगळं मला माझ्याच मागच्या माणसाकडून कळलं. मेव्हणा वाचला म्हणे.

तुम्ही विचाराल, त्याच वेळी खुलासा का केला नाही? केला असता. पण माझाच विश्वास डळमळला. आमच्याकडं माणूस वारला असं तोंडावर कुणी म्हणत नाही, ऑफ झाला म्हणतात. मरण जरा सभ्य वाटतं, बटण दाबल्यासारखं. आमचे एक काका गेले तेव्हा आलेल्या प्रत्येक फोनला आईनं 'पहाटे ऑफ झाले' असंच सांगितलं होतं. मग ऑफ आहेत आणि ऑफ झाले, यात मधे उरतं काय? एक क्रियापद. तेही कन्नड, आणि तोंडात पान असताना उच्चारलेलं. वीस माणसं हळहळताना दिसल्यावर मला वाटायला लागलं की चुकलो ते मीच. क्लार्क बिचारा सुतकातच मान खाली घालून बसला असेल.

बाहेर झाडाखाली एक बाँड रायटर, म्हणजे अर्ज-दस्त लिहून देणारे, टेबल टाकून बसतात. अशा प्रसंगी पुढाकार घेणारा एक माणूस प्रत्येक गावात असतो, त्यांच्यातलेच ते. त्यांनी को­ऱ्या कागदावर नावं घ्यायला सुरुवात केली. कुणी वीस दिले, कुणी दहा. माझ्यापाशी आले तेव्हा मामा म्हणाले, "यांनाच पैल्यांदा कळलं. जवळचे असतील." जवळच्यानं वीस कसे द्यायचे? शंभर दिले. आणि गाडी आहे म्हणून हारही मीच आणायचा ठरला.

हार आणायला जाताना दुसऱ्या रेल्वे गेटला अडकलो. गेट पडलं की बेळगावकर तत्त्वचिंतक होतो, दुसरं करण्यासारखं काही नसतं. अलार्म गोज ऑफ म्हणजे वाजतो, आणि टर्न ऑफ केला की बंद होतो. एकाच शब्दानं वाजवायचं आणि त्याच शब्दानं गप्प करायचं! बॉम्ब गोज ऑफ म्हणजे फुटतो, आणि लाईट गोज ऑफ म्हणजे जातो. विलायतेत दूध ऑफ होतं म्हणजे नासतं. दुकानात वीस टक्के ऑफ म्हणजे आनंद, बायकोचा मूड ऑफ म्हणजे काय ते ज्याचं त्यानं ठरवावं. क्रिकेटमध्ये ऑफ साइड असते तशी घोड्यालाही असते. त्याची उजवी बाजू, कारण स्वार डावीकडून चढतो. गंमत म्हणजे इंग्रजीत ऑफ आणि 'चा-ची-चे' वाला ऑव्ह हे मुळात एकच शब्द. सतराव्या शतकापर्यंत ते पुरते वेगळे झाले, एकाला एक एफ आणि दुसऱ्याला दोन. आम्ही देवनागरीत आणून दोघांना पुन्हा एका घरात नांदायला लावलं. बँक ऑफ इंडिया असं लिहितो आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँक ऑफ असंही म्हणतो. 2015 च्या सप्टेंबरपासून ते दोन शनिवार सुट्टीचे झाले, तेव्हापासून ही दोन्ही वाक्यं एकाच दारावर खरी ठरतात.

गेट उघडलं. हार दोनशेचा होता. वर्गणी किती जमली ते मला कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नाही. मयताच्या कामात हिशोब कसा विचारायचा?

परत आलो तर कचेरीच्या व्हरांड्यात तीस-पस्तीस माणसं. साहेबांच्या केबिनच्या बंद दाराला, कडीवर, मी हार अडकवला. सगळे उभे राहिले. मामांनी डोळे मिटले. दोन मिनिटांची शांतता. त्या इमारतीत एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. एरवी तिथं निदान कुणीतरी झेरॉक्स विचारत असतं.

तेवढ्यात तो क्लार्क चहाला म्हणून बाहेर आला. हार बघितला, आम्हाला बघितलं, आणि त्याचा चेहरा खुलला.

"साहेब्रिगे प्रमोशन आतेन् री?"

म्हणजे, साहेबांना प्रमोशन मिळालं काय? साहेब मेल्याची बातमी ज्यानं दिली, त्याच एकट्याला ती माहीत नव्हती.

पुढं काय झालं ते लांबवत नाही. साहेब घरी होते, मुलीला बघायला पाहुणे येणार होते. व्हरांडा अर्ध्या मिनिटात रिकामा झाला. बाँड रायटर म्हणाले, पैसे चहात गेले; तीस कप चहा खरंच आले होते, त्यातला मला मिळाला नाही. आणि मामा? मामांनी टोपी घातली, माझ्याकडं बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शिकलेली माणसं की ओ तुमी. नीट ऐकून सांगाय नको काय?"

मला राग मामांचा नाही. म्हणजे आहे, पण जास्त राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. सुट्टीला कन्नडात रजे म्हणतात. मराठीत रजा. एकच शब्द, दोघांनीही अरबीतून आलेला घेतला. पाट्यांवरून, बोर्डांवरून, उताऱ्यावरच्या एकेका अक्षरावरून इथं जन्म गेला माणसांचा, आणि जो एक शब्द दोन्हीकडं सारखा आहे तो त्या खिडकीतून बाहेर येत नाही. 'साहेब्रु रजे' म्हणाला असता तर मामा मुकाट घरी गेले असते. माझे तीनशे वाचले असते. हो, तीनशेच, हाराचे दोनशे कुणी दिलेच नाहीत.

गुरुवारी पुन्हा गेलो. साहेब होते, धडधाकट. फाईल उघडली, माझं नाव वाचलं, चष्म्यावरून बराच वेळ बघितलं.

"हार तुम्हीच आणलेला काय?"

मी मान हलवली.

"अक्षराचं बघू. उद्या मी ओओडी, म्हणजे बाहेरच्या ड्यूटीवर. सोमवारी या." फाईल मिटली.

बाहेर आलो. बाकड्यावर पिशवी घेऊन मामा बसलेले. मला बघून उठले.

"काय म्हणालेत ओ?"

"मला कन्नड येत नाही," मी म्हटलं, आणि स्कूटरला किक मारली.