फील्ड म्हणजे शेत? कट्ट्यावर जुंपली

काल फुटबॉलवरून इंग्लंडातल्या शेफील्ड शहराचा विषय निघाला आणि आमचा सर्व्हेयर बोलून गेला, फील्ड म्हणजे शेत, शीफ नदीकाठचं शेत, एवढं सोप्पंय. जर्मनच्या क्लासला जाणारा लगेच उसळला. शेत नंतर रे, जुन्या इंग्रजीत फेल्ड म्हणजे झाडी नसलेली उघडी जमीन, नांगर लागलेला असो नसो. जर्मनमध्ये फेल्ड, डचमध्ये वेल्ड, आणि साउथ आफ्रिकेत जोहान्सबर्ग ज्या पठारावर आहे त्याला आजही हायवेल्ड म्हणतात, म्हणजे मूळचा गवताळ माळ.

सर्व्हेयर म्हणाला, मग इंग्लंडात शेत कसं झालं, कुंपणं घातली म्हणून ना? पार्लमेंटनं हजारो कायदे करून सामायिक जमिनी बंदिस्त केल्या हे आम्हाला शिकवलंय.

इथं जर्मनवाल्याचा पॉइंट भारी होता, मानलं. म्हणे क्रम चुकला तुझा. आधी माळावर नांगर आला, गावाची मोठी सामायिक शेतं झाली, एकेकाचे लांब पट्टे, मध्ये कुंपण नाही, त्यालाच ओपन फील्ड म्हणायचे. कुंपणांची खरी लाट आली ती साधारण १७५० ते १८५० मध्ये. म्हणजे ज्या शब्दाचा अर्थच मोकळं, तो शेवटी झुडपांच्या कुंपणात जाऊन बसला. गंमतच आहे.

तेवढ्यात वडापाव संपवून तिसरा बोलला, आपली पृथ्वी पण त्यातलीच, म्हणजे सगळं संस्कृतातूनच गेलंय. झालं, पुन्हा आरडाओरडा. जर्मनवाला म्हणे, गेलं नाही रे बाबा, फील्ड आणि पृथ्वी, 'सपाट, पसरलेलं' अशा अर्थाचं मूळ दोघांचं एकच मानतात, म्हणजे चुलत नातं, वडील-मुलाचं नाही. पोलंडच्या नावातलं पोल्ये म्हणजे शेतमाळ, ते पण त्याच खानदानातलं. पृथ्वीला जास्त जवळचा आहे तो स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेतला फोल्ड, त्याचा अर्थच जमीन. पण तिसऱ्याला ते ऐकायचं नव्हतं, तो आपला पृथ्वीवर अडून.

सर्व्हेयरनं शेवटचा बॉल टाकला, सपाट ना, मग जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधला फेल्डबर्ग १४९३ मीटरचा डोंगर कसा? जर्मनवाल्यानं मोबाईलवर त्याचा फोटो शोधून दाखवला. खाली दाट झाडी, वर माथा उघडा, नुसतं गवत.

सर्व्हेयरनं फोटो झूम करून बघितला. म्हणाला, बरं, हा माळ. पण शेफील्ड शेतच.