चला, शॉटगनचे सर होऊ या

रविवारी सकाळी इंग्लंडातल्या केंट-एसेक्सकडच्या क्ले शूटिंगच्या, म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्या छर्ऱ्यांच्या बंदुकीने (शॉटगनने) फोडण्याच्या, मैदानांवर जाऊ लागला आहात. बाराबोअरची सेकंडहँड बंदूक घेतली आहे, काडतुसांच्या खिशांचं बिनबाह्यांचं जाकीट आहे, आणि परवा पन्नासांपैकी चक्क चौतीस चकत्या फोडल्यात. मग आता आणखी शिकत बसण्यात काय हशील? शिकवायला घ्या. तासाला साठ पौंड लावा. वीस लावलेत तर लोकांना शंका येते, साठ लावले की आदर वाटतो.

कायद्याची चिंता नको. आपल्याकडे बाराबोअर म्हटली की परवान्यासाठी कलेक्टर कचेरीचे हेलपाटे आले. इंग्लंडात मात्र १९६८च्या फायरआर्म्स ॲक्टमध्ये कलम ११(६) आहे: पोलिसप्रमुखाने मान्य केलेल्या जागी आणि वेळी कृत्रिम लक्ष्यांवर बार टाकायचा असेल, तर शिकाऊ माणसाला स्वतःचं शॉटगन सर्टिफिकेट लागत नाही. म्हणजे गिऱ्हाईक मोकळं. आणि ‘कोच’ म्हणवून घ्यायला तर कुणाचीच परवानगी लागत नाही. डॉक्टरकीची पाटी लावली तर पोलीस येतील. कोचची लावली तर फक्त विद्यार्थी येतात.

क्ले पिजन शूटिंग असोसिएशन नावाची संस्था १९२८पासून आहे. ती कोचसाठी पहिली, दुसरी, तिसरी अशा पायऱ्या ठेवते, सुरक्षितता शिकवते, परीक्षा घेते. त्या वाटेला जाऊ नका. कोणी विचारलंच, तर ‘कागदाने कोणी गुरू होत नाही’ एवढं म्हणा आणि दूर क्षितिजाकडे पाहा. वाक्य खरं आहे, हीच त्यातली मेख. कागद नसलेले उत्तम शिकवणारे असतात आणि कागद असलेले ठोकळेही असतात. तुम्ही कागद नसलेले ठोकळे आहात, हा तिसरा प्रकार लोकांच्या चटकन ध्यानात येत नाही.

आता मुख्य विद्या. ती एका शब्दाची आहे: ‘मागे.’ विद्यार्थ्याचा नेम चुकला की हाताची घडी घालून, किंचित मान हलवून म्हणायचं, ‘मागे गेला बार.’ ३५ मीटरवरून आडवी जाणारी चकती सेकंदाला २० मीटर धावत असेल, तर छर्रे तिथे पोचेपर्यंत ती दोन मीटरहून जास्त पुढे सटकलेली असते. तेव्हा नवखा माणूस मागे मारतो, हे बहुतेक वेळा खरंच निघतं. घड्याळ बंद असलं तरी दिवसातून दोनदा बरोबर असतं. तुमचं घड्याळ त्याहून बरंच चांगलं चालेल. चुकून बार पुढे गेला असेल तर? तरीही ‘मागे’च म्हणा. तो आणखी पुढे मारेल, आणखी चुकेल, आणि तुमची आणखी गरज लागेल.

मागे गेला हे तुम्हाला दिसलं कसं, असं एखादा चौकस विचारेल. त्याला सांगा, ‘सवयीने दिसतं.’ मुरलेल्या कोचला खांद्यामागे नेमक्या जागी उभं राहून कधी कधी छर्ऱ्यांचा झोत खरोखर दिसतो. तुम्हाला जे दिसतं ते प्लास्टिकचं वॉड, म्हणजे काडतुसात दारू आणि छर्रे यांच्यामध्ये असणारं बूच. छर्ऱ्यांबरोबर नळीतून बाहेर पडून ते लगेच मंदावतं आणि खाली गळतं, त्यामुळे चकतीच्या मागेच दिसतं. छर्रे तोवर कुठे गेले ते त्यांनाच ठाऊक. पण वॉड तुमच्या बाजूने साक्ष देतंय, तर उलटतपासणी कशाला घ्या?

‘मागे’ शब्दाचा कंटाळा आला की ‘डोकं वर काढलंस’ हा राखीव बाण काढा. दस्त्यावरून गाल सुटला की बार वर जातो, हे खरं आहे. गाल का सुटला हे मात्र विचारू नका. दस्ता त्याला लांब होत असेल, त्याचा वरचा काठ उंच असेल, किंवा मागच्या दहा बारांनी गालफड सुजलं असेल. ते बघायला चकतीवरची नजर काढून माणसाकडे पाहावं लागतं, आणि चकती फुटताना बघण्यात जी मजा आहे ती माणसाकडे बघण्यात नाही. पैसे भरून कोचच्या वर्गाला जाणाऱ्यांना म्हणे पहिल्या दिवसापासून हेच बजावतात, की आकाशाकडे नको, विद्यार्थ्याकडे बघ. मग रविवारी मैदानावर यायचं तरी कशाला?

पायांबद्दलही काहीतरी बोलावं लागेल. लंडनचे बंदूक बनवणारे रॉबर्ट चर्चिल सांगत, पक्षी उजवीकडे गेला तर वजन उजव्या पायावर न्या, डावीकडे गेला तर डाव्यावर. वेस्ट लंडन शूटिंग स्कूलचे पर्सी स्टॅनबरी सांगत, वजन कायम पुढच्या पायावर. दोघांची घराणी वेगळी, दोन्हींत उत्तम नेमबाज तयार झाले. तुम्ही पहिल्या अर्ध्या तासात एकाचं आणि दुसऱ्या अर्ध्या तासात दुसऱ्याचं सांगा. विद्यार्थी कुठल्याच पायावर धड उभा राहणार नाही, पण ज्ञानाचा आवाका पाहून दबून जाईल.

काडतुसांचं काय? विद्यार्थिनी सडपातळ असेल तर तिला धक्का कमी बसावा म्हणून कुणाची तरी वीस बोअरची (बाराहून अरुंद नळीची) बंदूक मागून आणा आणि तिची काडतुसं तुमच्या बाराच्या काडतुसांबरोबर एकाच खिशात टाका. वीसचं काडतूस बाराच्या नळीत घातलं तर ते पुढे सरकून अडकतं. चाप ओढला, बार झाला नाही, नळी उघडली तर रिकामी दिसते. मग त्यामागे बाराचं घालतात, पुन्हा चाप ओढतात, आणि नळी फाटते, नेमकी पुढच्या हाताच्या आसपास. वीसची काडतुसं पिवळी करायची पद्धत पडली ती यासाठीच. तुम्हाला पिवळा रंग फक्त छान वाटतो. हा धडा कोचच्या त्या वर्गांमध्ये असतो, आणि तुम्ही तिकडे गेलेला नाहीत, त्यामुळे जिवाला घोर नाही.

विम्याचंही तेच. असोसिएशनच्या सभासदत्वाबरोबर विमा मिळाला आहे, एवढं पुरे. पैसे घेऊन शिकवणाऱ्या बिनपात्रतेच्या माणसाला तो लागू आहे का, हे शोधायचं तर बारीक टाइप वाचावा लागतो. साठ पौंडांची पावती मात्र देऊ नका. त्याला ‘काडतुसांचे आणि पेट्रोलचे’ म्हणा; देणाऱ्यालाही बरं वाटतं.

आणि एकलव्याचा आदर्श कायम समोर ठेवा. म्हणजे द्रोणाचार्यांच्या बाजूने. काहीही न शिकवता दक्षिणा वसूल करण्याचा इतका स्वच्छ व्यवहार पुढे कुणाला जमला नाही. तुम्हाला अंगठा नको, रोख चालेल.

सहा-सात रविवार होऊनही विद्यार्थी पंचविसातल्या आठवर अडकलेला असेल, तर ‘तुझा सराव कमी पडतो’ म्हणा. एखाद दिवशी तो गुपचूप दुसरीकडे जाईल. तिथला कोच बंदुकीला हात लावण्याआधी त्याला दोन्ही डोळे उघडे ठेवून समोरच्या खांबाकडे बोट दाखवायला लावेल, मग एकेक डोळा मिटायला सांगेल, आणि पाच मिनिटांत त्याला कळेल की हा उजव्या खांद्यावरून मारतो पण याचा डावा डोळा बलवान आहे. मग चष्म्याच्या डाव्या काचेवर चिकटपट्टीचा एक तुकडा. पुढच्या रविवारी तो तशीच पट्टी लावून येईल आणि तुमच्यासमोर पंचविसातल्या सतरा फोडेल. गोंधळून जाऊ नका. पट्टीकडे जवळून पाहा, नखाने तिचा कोपरा दाबून नीट बसवा, ‘हेच मी आज सांगणार होतो’ म्हणा, आणि त्या तासाचे सत्तर घ्या.