दंड भरून विषय संपत नाही

'दंड भरला की प्रकरण मिटलं, नोकरीशी त्याचा संबंध नाही' हे दारू पिऊन गाडी चालवण्यावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. दारू पिऊन गाडी चालवणं हे मोटार वाहन कायद्याचं कलम 185 आहे. पहिल्या वेळी 6 महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. रस्त्यावर पावती फाडून ते मिटत नाही, कोर्टातच जावं लागतं. तिथं गुन्हा कबूल करून दंड भरला म्हणजे माणूस दोषीच ठरला.

माझा धाकटा भाऊ गोव्याहून चोर्ला घाटानं रात्री येताना सापडला. कोर्टाचे कागद कन्नडमध्ये, ह्याला वाचता येत नाही. कुणी बोट ठेवलं तिथं सही केली, पैसे भरले, घरी आला. पुढं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात टेम्पोवर ड्रायव्हर म्हणून ठरत आलं होतं. फॉर्मवर 'कधी शिक्षा झाली आहे का?' याच्यापुढं त्यानं 'नाही' लिहिलं, अगदी प्रामाणिकपणे. पोलीस पडताळणीत सगळं निघालं. मालक म्हणाले, "दंडाचं आधी सांगितला असतास तर बघितलं असतं, खोटं लिहिलंस ते चालायचं नाही." आई त्या रात्री जेवली नाही. ते वाक्य कृपया दुरुस्त करा, आमच्याकडची पोरं हे वाचतात.