'रंग मेला होता, तुम्ही प्रेताला पावडर लावलीत': एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

लाल एमजीबीवरच्या लेखाखाली 'एक कोथरूडकर' या नावाने तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. झणझणीत आहे, आणि चार ओळींत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून हे वेगळं लिहितोय.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९६६ची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार), रंग टार्टन रेड, प्रभात रोडवरच्या एका बंगल्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं पडून होती. मी तिचा रंग खरवडून नव्याने मारला नाही, आहे तोच वर काढला. तुमचं म्हणणं असं, की तो रंग केव्हाच मेला होता आणि मी प्रेताला पावडर लावली. पुसताना फडकं लाल होत होतं, म्हणजे जो रंग वाचवल्याचं मिरवतोय तोच मी पुसून काढत होतो. पत्र्यापर्यंत खरवडून बूथमध्ये (रंग फवारायच्या बंद खोलीत) पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग, मारला असता तर महिन्याभरात गाडी आरसा झाली असती आणि पुढची दहा वर्षं ढुंकून बघावं लागलं नसतं. त्यात एमजीबी म्हणजे काही कोहिनूर नव्हे, पाच लाखांवर बनल्या. आणि शेवटी टोला: 'खर्च टाळायचा आणि त्याला वारसा म्हणायचं, हा अस्सल पुणेरी बाणा.'

बाणा मान्य. खर्च टळला हे मात्र साफ चूक. रबिंगवाला मशीन फिरवून अख्खी गाडी दिवसभरात मोकळी करतो. इथे काम हाताचं, एकेका भागाचं आणि मधे रात्र-रात्र थांबण्याचं होतं. मजुरी धरून हिशेब केलात तर स्वस्तातलं काम तुमचं निघेल, माझं नाही.

आता फडक्याचं, कारण तुमचा सगळा आरोप त्यावर उभा आहे.

आजच्या गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. ही पद्धत सरसकट रूढ झाली ती १९८०च्या दशकात. त्याआधीच्या साध्या लाल-पांढऱ्या गाड्यांवर वरपासून खालपर्यंत एकच रंग असायचा, चमकही त्याचीच. ऊन त्या रंगाची वरची कातडी खातं. रंगाचे कण धरून ठेवणारं रेझिन अतिनील किरणांनी तुटतं, कण सुटे होतात आणि पृष्ठभागावर भुकटी साचते. वाड्याच्या जुन्या भिंतीला पाठ टेकली की शर्टाला चुना लागतो, तसा हा रंग बोटाला लागतो. अशा खडबडीत भुकटीवर उजेड पडला की तो चहूकडे विखुरतो, म्हणून लाल गाडी गुलाबी दिसते. बरेचदा तिचा रंग 'उडालेला' नसतोच, नुसता झाकलेला असतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. ड्रायव्हरच्या बाजूच्या दारावर वीतभर चौकोन टेप लावून आखला आणि पांढऱ्या टर्किश टॉवेलचा तुकडा त्यावर फिरवला. आधी निघाला तो मातकट गुलाबी थर, कोरडा, बोटांत चोळला तर टाल्कमसारखा. मग फडक्यावरचा डाग गडद होत गेला आणि कमी कमी होत गेला. टेप काढली तर आत लाल चौकोन आणि भोवती गुलाबी दार. फडक्यावर आलेली ती सुटी भुकटी होती, तिला धरून ठेवणारं काही उरलेलंच नव्हतं.

किती गेला, तेही मोजलंय. रंगाची जाडी मोजायचं गेज मिळतं. लोखंडी पत्र्यावर ते चुंबकीय तत्त्वाने चालतं, ॲल्युमिनियमवर भोवरा-प्रवाहाच्या. (याच गाडीवर दोन्ही लागतात. या सुरुवातीच्या एमजीबींचं बॉनेट ॲल्युमिनियमचं असतं, लोहचुंबक लावून बघा, घसरून पडेल.) दारावर काम सुरू करण्याआधी १०५ ते ११५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दाखवत होतं. सगळं झाल्यावर तीन-चार मायक्रॉन कमी. गेजची स्वतःची चूकभूलच दोन-तीन मायक्रॉनची असते, तेव्हा हा आकडा सैलसरच धरा. पण तुमच्या हिशेबाने मी 'पुसून काढलेला' रंग तो एवढा. आणि तुम्ही सुचवता त्या उपायात पहिल्याच दिवशी ११०च्या ११० मायक्रॉन जमिनीवर असतात.

'निदान २००० नंबरचा वॉटर पेपर तरी मारायचा' असंही तुम्ही लिहिलंय. भर दारावर कदाचित चाललं असतं. पण रंग सगळीकडे सारखा जाड नसतो. ओला रंग कडांवरून मागे ओढला जातो, त्यामुळे बॉनेटच्या कडा, चाकांवरच्या कमानी, दाराचा वरचा काठ इथे थर सगळ्यात पातळ, आणि कागद असो की बफ, सगळ्यात जास्त दाब पडतो तोही नेमका तिथेच. या बॉनेटच्या कडेला गेजवर ७० दिसत होते आणि एका जागी कोणीतरी पूर्वी घासून करड्या प्रायमरपर्यंत पोचलं होतं. म्हणून कडांना टेप, मशीन डबल ॲक्शन (फिरता फिरता डगमगणारं, म्हणून सौम्य), पॅड मऊ फोमचा. गोल फिरणारं रोटरी आणि लोकरीचा पॅड नवशिक्याच्या हाती दिला तर कडेवरचा रंग कधी गेला ते त्याला कळतही नाही. शिवाय त्या काळच्या लाल-पिवळ्या रंगांत शिशाची रंगद्रव्यं सर्रास असत. कोरडं घासून ती धूळ फुप्फुसात घेण्याची मला हौस नाही, म्हणून जे केलं ते ओलसर आणि हातमोजे घालून.

मी तेल चोपडून चमक आणली, हा तुमचा मुद्दा मात्र नेमका आहे, त्याचं नीट उत्तर देतो. मी मेग्वायर्सचं सात नंबरचं ग्लेझ (तेलकट पॉलिश) वापरलं. अमेरिकेतली जुनी एकथरी रंगांची मंडळी ते पिढ्यानपिढ्या वापरतात. ते भरपूर चोपडायचं, रात्रभर राहू द्यायचं, सकाळी पुसायचं, पुन्हा चोपडायचं. रंग तेल 'पितो' असं म्हणतात. मला वाटतं ते मुख्यतः बारीक छिद्रांत आणि भेगांत जाऊन बसतं, आणि पुढच्या घासण्यात कोरडा रंग खरवडला जाऊ नये एवढं वंगण देतं. नुसतं तेवढंच करून गाडी दाखवली असती तर तुमचं 'दोन धुण्यांत उतरणारी खोटी चमक' हे वाक्य मी निमूट गिळलं असतं. पण तेल ही पूर्वतयारी आहे. खरी चमक त्यानंतरच्या बारीक पॉलिशने मेलेला थर सपाट झाल्यावर आली, आणि वर कार्नोबा मेण. सिरॅमिक कोटिंग का नाही, असं आणखी दोघांनी विचारलंय. तेल मुरलेल्या रंगावर ते नीट धरत नाही, आणि उद्या काढायचं झालं तर घासूनच काढावं लागतं. मेण लावताही येतं आणि उतरवताही येतं.

भेगा मात्र कुठल्याच पॉलिशने जात नाहीत. बॉनेटवर उन्हाने तडकलेला हातभर भाग आहे, तो तसाच आहे, आणि मूळ लेखात त्याचा फोटोही होता. तुम्ही त्यावरच बोट ठेवलंत. ठेवा. ॲल्युमिनियमला लोखंडासारखा गंज चढत नाही, त्यामुळे तिथे रंग फाटका राहिला तरी पत्रा सहजी कुजणार नाही.

सिलची गोष्ट वेगळी. दारांखालची ती पेटी या गाडीत शोभेची नाही. रोडस्टरला छप्पर नाही आणि वेगळी चासीही नाही, त्यामुळे गाडीचा बराचसा ताण सिलवर येतो. डाव्या बाजूला रंगाखाली फुगे दिसत होते. स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर आत गेला. तिथे 'ओरिजिनल रंग' म्हणून हात जोडून बसणारा माणूस मूर्ख. कुजका पत्रा कापला, नवा वेल्ड केला, इपॉक्सी प्रायमर आणि वर पीयू. तुमच्याच पद्धतीने, बूथमध्ये.

मागचं डावं मडगार्डही तसंच. गेज ठेवलं तर आधी ६००, मग चार बोटं पुढे सरकल्यावर आकडाच दाखवीना. म्हणजे लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी). कधीतरी ठोकर बसली होती, पत्रा सरळ करायचे कष्ट न घेता त्यावर लांबी थापली होती आणि वर जवळपासचा कुठलातरी लाल मारला होता. तो रंग कारखान्याचा नव्हताच, तेव्हा तो जपायचा प्रश्न नव्हता. सगळं उतरवल्यावर आत हातोडीचे वळ जसेच्या तसे होते. एमजीबीचं पुढचं मडगार्ड बोल्ट काढून सुटं करता येतं, मागचं वेल्ड केलेलं असतं, म्हणून पत्रा जागेवरच ठोकून सरळ करावा लागला.

आणि मग खरी पंचाईत. लाल कोणता? रंगाच्या दुकानात कोड दिला की यंत्र एक लाल काढून देतं. बाजूच्या क्रोम पट्टीखाली, जिथे ऊन कधीच पोचलं नाही, तिथे दुसरा लाल. डिकीत चटईखाली जवळजवळ तोच, पण किंचित काळपट. पॉलिश झालेल्या दारावर आणखी एक. रंगाऱ्याचा आग्रह कोडचा, कारण 'साहेब, कागदावर हाच आहे'. पत्र्याच्या तुकड्यांवर नमुने मारून, ते दाराला धरून, सावलीत आणि संध्याकाळच्या उन्हात बघून शेवटी दाराशी जुळणारा घेतला. बाकी गाडी ज्या लालमध्ये आहे त्यात मडगार्ड मिसळायला हवं. अख्खी गाडी रंगवली असती तर ही डोकेफोड वाचली असती, हे खरं आहे.

पीयूबद्दल माझी तक्रार नाही. कडक आहे, पेट्रोल सांडलं तरी ढिम्म. फक्त त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि ते श्वासातून गेलं तर कायमचा दमा लागू शकतो. बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. आपल्याकडे तोंडाला रुमाल बांधून फवारणारी पोरं तुम्हीही पाहिली असतील. 'बूथमध्ये मारून घ्या' असं लिहिताना त्या बूथमध्ये उभा कोण असतो, तेही जाऊन बघा.

पाच लाख गाड्यांचा मुद्दा तुम्ही माझ्याविरुद्ध वापरलात, तो मला माझ्याच बाजूचा वाटतो. एमजीबीचं काय मिळत नाही? ब्रिटिश मोटर हेरिटेज १९८८पासून या गाडीची अख्खी नवी बॉडी बनवते. दार हवं, दार मिळतं. मडगार्ड हवं, मडगार्ड मिळतं. तुम्ही म्हणता ती आरसा एमजीबी पैसे टाकून कोणालाही, कधीही उभी करता येते, आणि ही गाडी उद्या पुन्हा रंगवायची तरी कोणी अडवलेलं नाही. एमजीच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडताना तिच्या अंगावर होता तो थर मात्र एकदा खरवडला की संपला. जुन्या गाड्यांची आंतरराष्ट्रीय संघटना फिव्हा हिने २०१२मध्ये 'ट्युरिन चार्टर' मंजूर केला, त्याचाही कल हाच आहे: आधी जतन, आणि दुरुस्ती गरजेपुरती. 'व्हीए नंबर (विंटेज गाड्यांचा खास नोंदणी क्रमांक) मिळवायचा तर गाडी नवीकोरी दिसायला हवी' असं तुम्ही म्हणता, त्याला २०२१च्या केंद्राच्या नियमांत काही आधार नाही. तिथे पन्नास वर्षांवरची, मूळ स्वरूपातली गाडी अशी अट आहे. चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार नकोत म्हटलंय, चमकेबद्दल चकार शब्द नाही.

राहिलं 'दहा वर्षं ढुंकून न बघणं'. असला रंग पुण्यात तरी मला माहीत नाही. टँकर आणि बोअरचं पाणी वाळलं की पांढरे ठिपके उठतात, आणि पाणी वाचवायच्या भल्या हेतूने सोसायट्यांत आरओचं टाकाऊ पाणी गाडी धुवायला देतात, त्यात तर क्षार आणखी एकवटलेले असतात. या गाडीला शेवटचं पाणी पावसाचं देतो, पागोळीखाली पिंप लावून साठवलेलं. जून ते सप्टेंबर प्लॅस्टिकचं कव्हर घातलंत तर आत वाफ कोंडते आणि पीयू असो की आणखी काही, फुगे येऊ शकतात. या शेडमध्ये नेमकं तेच झालं होतं. आता वर सुती कव्हर आणि वर्षातून दोनदा मेण. पीयू असता तरी मी हेच केलं असतं.

शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की तुमची प्रीमियर पद्मिनी पुढच्या महिन्यात खरवडायला जाणार आहे. त्याआधी एवढं करा. दाराच्या आतल्या बाजूला, खाली कोपऱ्यात, पांढऱ्या फडक्यावर थेंबभर एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर घेऊन टेकवा. रंग लगेच विरघळून फडक्यावर आला तर जुना ड्युको, म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंग, आहे. हळूहळू सुरकुतला तर इनॅमल. ढिम्म राहिला तर पूर्वी कोणीतरी पीयू मारलाय किंवा कारखान्यातलं भट्टीत भाजलेलं इनॅमल आहे; पीयूच असल्याची खात्री झाली तर मग माझा काहीच आग्रह नाही, बिनधास्त खरवडा. पहिल्या दोन्हींत मात्र आधी छतावर वीतभर चौकोन आखून हाताने पॉलिश करून बघा. खालच्या कडांना फुगे असतील तर पॉलिशच्या नादी न लागता आधी पत्रेवाला गाठा. गेज हवं असेल तर माझं घेऊन जा. लोखंड आणि ॲल्युमिनियमची सेटिंग्ज वेगळी आहेत. पद्मिनीला लोखंडाचं लावायचं.