क्वार्टरबॅकसाठी वाट्टेल ती किंमत? जरा हिशेब मांडू

एप्रिल जवळ आला की अमेरिकन फुटबॉलमधल्या फोर्टीनायनर्स संघाच्या आमच्या मराठी चाहत्यांत एक दावा हमखास फिरू लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मतलब तोच: क्वार्टरबॅक (चेंडू फेकून संघाची चढाई चालवणारा खेळाडू) नाही तर काहीच नाही, ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, मनात भरलेला पोरगा दिसला की दोन-तीन वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक (निवडीचे नंबर) देऊन टाका, वर चढा आणि त्याला उचला, चीफ्स संघानं क्वार्टरबॅक महोम्सला असाच उचलला, पुढच्या वर्षांचे पिक म्हणजे नुसती लॉटरीची तिकिटं. आमच्या या सांता क्लाराच्या संघाच्या चाहत्यांनी हे म्हणावं याचं मला विशेष वाटतं. ही चैन याच संघानं २०२१ मध्ये करून झाली आहे.

ज्यांना एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, नवीन आहे त्यांच्यासाठी एवढंच: आयपीएलच्या लिलावात पैसा बोलतो, इथे नंबर बोलतो. गेल्या मोसमात तळाला राहिलेला संघ कॉलेजच्या पोरांतून पहिली निवड करतो, विजेता सगळ्यांच्या शेवटी. अशा सात फेऱ्या. हे नंबर, म्हणजेच पिक, संघ आपसांत विकू शकतात, अगदी पुढच्या वर्षांचेसुद्धा. भांडण सगळं तिथूनच सुरू होतं.

आता दाव्यातला एकेक मुद्दा घेऊ. "क्वार्टरबॅकशिवाय काही नाही" यावर माझा वादच नाही. पण तो पहिल्या तिनांतच मिळतो, हे कुठून आलं? मोठ्या क्वार्टरबॅकांपैकी टॉम ब्रेडी ड्राफ्टमध्ये १९९ वा निवडला गेला. रसेल विल्सन ७५ वा, जेलन हर्ट्स ५३ वा. २०१६ मध्ये ईगल्सनं मोठी किंमत मोजून दुसऱ्या क्रमांकावर कार्सन वेंट्झ घेतला, तो चांगला खेळलाही, पण जखमी झाला आणि फेब्रुवारी २०१८ चा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला निक फोल्सनं. तो तिसऱ्या फेरीतला. क्वार्टरबॅक हवा हे खरं, आणि त्यासाठी घर गहाण टाकायचं हेही खरं, अशा दोन वेगळ्या गोष्टी इथे एका दमात म्हटल्या जातात.

"महोम्सला असाच उचलला." हा सगळ्यांचा हुकमाचा एक्का, म्हणून जरा नीट बघू. २०१७ मध्ये चीफ्स २७ वरून १० वर गेले. बफेलोला त्यांनी काय दिलं? तो २७ वा पिक, तिसऱ्या फेरीचा एक पिक आणि पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक. म्हणजे भविष्यातला पहिल्या फेरीचा पिक फक्त एक. शिवाय चीफ्स आदल्या मोसमात १२ सामने जिंकलेला संघ होता, ॲलेक्स स्मिथ क्वार्टरबॅक म्हणून उभा होता, त्यामुळे पुढचा पिक उशिराचाच जाणार याची बरीच खात्री होती. पोराला पहिल्याच दिवशी आगीत ढकलायची गरज नव्हती. महोम्स पहिलं वर्ष जवळजवळ बाकावरच बसून होता, मोसमाचा शेवटचा सामना काय तो खेळला.

त्याच ड्राफ्टमध्ये, त्याच संध्याकाळी, शिकागो बेअर्स ३ वरून २ वर गेले. एक पायरी! त्यासाठी त्या वर्षीचे तिसऱ्या आणि चौथ्या फेरीचे पिक आणि पुढच्या वर्षीचा तिसऱ्या फेरीचा पिक दिला, आणि घेतला मिच ट्रुबिस्की. महोम्स आणि डेशॉन वॉटसन दोघंही तेव्हा शिल्लक होते. सगळ्यात वर चढलेल्याला त्या वर्षीचा सगळ्यात चांगला क्वार्टरबॅक मिळाला नाही, दहाव्या नंबरवाल्याला मिळाला. महोम्सचं उदाहरण द्यायचं तर हा अर्धा भागही सांगा की.

जॉश ॲलनचंही तसंच. २०१८ मध्ये बफेलोच्या बिल्सनी १२ वरून ७ वर जाण्यासाठी दुसऱ्या फेरीचे दोन पिक दिले. पुढच्या वर्षीचं काहीच नाही. लमार जॅक्सन तर ३२ वा गेला. रेव्हन्सनी पहिल्या फेरीच्या शेपटाला परत शिरून त्याला घेतलं. त्याच वर्षी जेट्सनी दुसऱ्या फेरीचे तीन पिक मोजून तिसरा नंबर मिळवला आणि सॅम डार्नोल्ड घेतला. तीन वर्षांत तो कॅरोलिनाला गेला.

पुढचा मुद्दा मला सगळ्यात गमतीचा वाटतो: "आपण चांगलेच खेळणार, त्यामुळे दिलेले पिक उशिराचेच असतील." प्रत्येक वर चढणारा संघ हेच समजत असतो. कॅरोलिना पँथर्सनी २०२३ मध्ये ९ वरून १ वर जाताना बेअर्सना नववा पिक, दुसऱ्या फेरीचा एक पिक, २०२४ चा पहिल्या फेरीचा, २०२५ चा दुसऱ्या फेरीचा आणि वर डीजे मूरसारखा रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू) दिला. ब्राइस यंग आला, संघ २-१५ ने (दोन विजय, पंधरा पराभव) बुडाला आणि दिलेला तो "उशिराचा" पिक २०२४ चा पहिला क्रमांक निघाला. बेअर्सनी त्यावर केलेब विल्यम्स घेतला. ह्यूस्टननं २०१७ मध्ये वॉटसनसाठी पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक ब्राउन्सना दिला. वॉटसनचा गुडघा गेला, संघ कोसळला, आणि ब्राउन्सना चौथा क्रमांक मिळाला. इथे तर निवड चुकलीही नव्हती! नवखा क्वार्टरबॅक म्हणजे संघ डळमळणार, आणि संघ डळमळला की दिलेला पिक महाग होणार. या दोन गोष्टी हातात हात घालून येतात, पण मित्रमंडळी दोन्हींचा हिशेब वेगवेगळ्या वह्यांत मांडतात.

वॉशिंग्टनचं उदाहरण जुनं आहे, तरी विसरण्यासारखं नाही. २०१२ मध्ये त्यांनी ६ वरून २ वर जाण्यासाठी रॅम्सना त्या वर्षीचा दुसऱ्या फेरीचा आणि २०१३, २०१४ चे पहिल्या फेरीचे पिक दिले. रॉबर्ट ग्रिफिन पहिल्या वर्षी खरोखर चमकला, सर्वोत्तम नवोदितही ठरला. मग प्लेऑफमध्ये गुडघा गेला. डिसेंबर २०१४ मध्ये रॅम्स वॉशिंग्टनच्या मैदानात आले तेव्हा नाणेफेकीला कॅप्टन म्हणून त्यांनी सहा खेळाडू पाठवले, आणि ते सहाही त्या एका सौद्यातून आलेले. प्रशिक्षकांनी किती मिश्किलपणे ती यादी केली असेल! सामना रॅम्सनी २४-० ने घेतला. याच वॉशिंग्टननं त्याच २०१२ च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीत कर्क कझिन्सही घेतला होता, आणि पुढे संघ चालवला तो त्यानंच.

"पण तक्त्यात सौदा बरोबर बसतो," असं आकडेवारीवाले म्हणतात. हा तक्ता नव्वदीच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइजनी जिमी जॉन्सन प्रशिक्षक असताना वापरात आणला: पहिल्या पिकला ३००० गुण, तिसऱ्याला २२००, बाराव्याला १२००. पुढे सगळी लीग त्याच भाषेत बोलू लागली. पण तक्ता सांगतो की बाजारात काय भाव चालू आहे. माल तेवढ्याचा आहे का, हे तो सांगत नाही. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (हेच ते पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले) यांनी बरीच वर्षं ड्राफ्ट तपासून दाखवलं की वरच्या पिकना संघ प्रमाणाबाहेर किंमत देतात. पहिल्या फेरीच्या शेवटाचे आणि दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीचे पिक पगाराच्या मानानं जास्त वसूल होतात. पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक यंदाच्या दुसऱ्या फेरीच्या पिकच्या बरोबरीचा धरायची रूढी आहे. त्यांच्या हिशेबानं हे व्याज वर्षाला १३६ टक्के पडतं. असं कर्ज घरातल्या कुणी काढलं तर आपण त्याला जेवायला तरी बसू देऊ का?

यावर समोरून एक खरंच दमदार उत्तर येतं. २०११ पासून नवोदितांच्या पगाराला लगाम आहे. २०१० मध्ये सॅम ब्रॅडफर्डला ५ कोटी डॉलरची हमी मिळाली होती. पुढच्याच वर्षी कॅम न्यूटनचा चार वर्षांचा सगळा करार सुमारे २.२ कोटींचा. म्हणजे चांगला क्वार्टरबॅक चार वर्षं स्वस्तात. मान्य. पण स्वस्ताई फक्त क्वार्टरबॅकची नाही. जे पिक देऊन टाकले त्यांवर आलेला टॅकल, कॉर्नर, पास रशर अशा इतर जागांवरचे खेळाडूही चार वर्षं स्वस्तातच खेळले असते. आता ते बाजारभावानं आणायचे, तेही त्याच सॅलरी कॅपमध्ये (संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेत).

"स्काउटांना (खेळाडू हेरणाऱ्यांना) कळतं, त्यांनी पोराचा सगळा व्हिडिओ पाहिलाय." त्याच मॅसी-थेलर अभ्यासात आणखी एक आकडा आहे. एकाच जागेवर खेळणाऱ्या, लागोपाठ निवडलेल्या दोन खेळाडूंपैकी आधी निवडलेला नंतरच्यापेक्षा सरस निघण्याची शक्यता सुमारे ५२ टक्के. नाणं उडवण्याहून जराशी बरी. २०२१ मध्ये पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक गेले: लॉरेन्स, विल्सन, लान्स, फील्ड्स, जोन्स. तीन वर्षांत लॉरेन्स सोडून चौघेही दुसऱ्या संघांत होते.

त्यातला लान्स आमचा. मार्च २०२१ मध्ये, ड्राफ्टच्या महिनाभर आधी, नायनर्सनी १२ वरून ३ वर जायला मायामीला २०२२ आणि २०२३ चे पहिल्या फेरीचे पिक आणि वर तिसऱ्या फेरीचा एक पिक दिला. ट्रे लान्स आदल्या मोसमात कॉलेजमध्ये एक सामना खेळला होता. एक! नायनर्ससाठी त्यानं सुरुवातीपासून खेळलेले सामने चार. दुसऱ्या वर्षी घोटा मोडला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये डॅलसला गेला, चौथ्या फेरीच्या पिकवर.

"पण नायनर्सचं बिघडलं काय? सुपर बोलला गेलेच ना!" गेले, आणि ब्रॉक पर्डीमुळे गेले. २०२२ चा २६२ वा, ड्राफ्टमधला सगळ्यात शेवटचा पिक, तेव्हा वर्षाला दहा लाख डॉलरच्या आतला पगार. तिसऱ्या पिकचा जुगार २६२ व्यानं झाकला, तर त्यातून जुगार बरोबर होता हे सिद्ध होतं कसं? त्या दोन वर्षांत नायनर्सचा पहिला खेळाडू निवडायची वेळ आली ती ६१ व्या आणि ८७ व्या क्रमांकाला.

राहिला "मागे सरकणं (वरचा पिक देऊन खालचे जास्त पिक घेणं) म्हणजे घाबरटपणा" हा मुद्दा. यात थोडं तथ्य आहे. वॉशिंग्टनकडून एवढं मिळवूनही रॅम्सची पुढची वर्षं फिकीच गेली. वॉशिंग्टनकडून आलेल्या २०१४ च्या पिकवर, दुसऱ्या क्रमांकावर, घेतलेला ग्रेग रॉबिन्सन चालला नाही. पिक मिळवणं वेगळं, वापरणं वेगळं. पण त्या अपयशाला सौदा जबाबदार नव्हता.

मग आमच्या संघानं करावं काय? वर चढायचं तर बिल्ससारखं, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीच्या पिकवर, चार-पाच पायऱ्या. पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक दिलाच तर एक, आणि तोही घरात धड क्वार्टरबॅक बसलेला असताना. दोन द्यायची खाज असेल तर ती पारखलेल्या माणसावर भागवावी. रॅम्सनी २०२१ मध्ये जॅरेड गॉफसकट पहिल्या फेरीचे दोन पिक आणि तिसऱ्या फेरीचा एक पिक डेट्रॉइटला देऊन मॅथ्यू स्टॅफर्ड आणला आणि त्याच मोसमात सुपर बोल जिंकला. तिथेही फुकट काही मिळालं नाही. रॅम्स पुढच्या मोसमात ५-१२ झाले, दिलेला पिक सहावा निघाला, डेट्रॉइटनं तो घेऊन मागे सरकून जमीर गिब्स आणि सॅम लापोर्टा मिळवले, आणि जानेवारी २०२४ मध्ये तोच गॉफ कॉन्फरन्स फायनलला (सुपर बोलच्या आधीच्या सामन्याला) आमच्या लेव्हाइज स्टेडियमवर येऊन मध्यंतराला आमच्यावर २४-७ ने पुढे होता.