टायटल आणि हेडिंगचे काम कालबाह्य झाले का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

संकेतस्थळाच्या पानांची टायटल आणि हेडिंग नीट लिहावीत, या माझ्या सल्ल्यावरील आपल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. आपले दोन आक्षेप आहेत. गूगलला आता मजकुराचा अर्थ आपोआप कळत असल्यामुळे छोट्या व्यावसायिकाने टायटल (ब्राउझरच्या टॅबवर आणि शोधनिकालात दिसणारे पानाचे शीर्षक) आणि हेडिंग (पानावरचा ठळक मथळा) यांवर वेळ घालवणे व्यर्थ आहे, हा पहिला. आणि कीवर्ड्स मेटा टॅग (पानाच्या कोडमधली, वाचकाला न दिसणारी शोधशब्दांची यादी) रिकामा सोडण्याचा माझा सल्ला धोक्याचा आहे, हा दुसरा.

दुसऱ्याचे उत्तर थोडक्यात देता येते. क्रमवारी ठरवताना हा टॅग विचारात घेतला जात नाही, हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केले आहे. तो भरून देण्याचे कोणी वेगळे पैसे मागत असेल, तर खुशाल नकार द्यावा.

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. गूगलला अर्थ कळतो तो पानावर जे लिहिले आहे त्याचा. जे लिहिलेलेच नाही ते त्याला कळणार कुठून? पंपदुरुस्ती करणाऱ्या एखाद्या व्यावसायिकाचे संकेतस्थळ डोळ्यांसमोर आणा. मुख्य पानाचे टायटल नुसते ‘होम’, त्याखाली ठळक अक्षरांत ‘आपले सहर्ष स्वागत आहे’, आणि कोणकोणत्या पंपांची दुरुस्ती होते याची यादी मात्र एका रंगीत चित्रात. ग्राहकाला ते चित्र वाचता येते, पण शोधयंत्राच्या हाती मजकूर म्हणून फारसे काही लागत नाही. टायटल ‘सबमर्सिबल पंप दुरुस्ती व मोटर रिवाइंडिंग’ असे केले, यादी साध्या मजकुरात उतरवली आणि रिवाइंडिंगच्या कामाला स्वतंत्र पान दिले, तर पान कशाविषयी आहे याचा अंदाज बांधत बसावे लागत नाही. ही यादी मोबाइलवरही दिसायला हवी, कारण आपल्या शोधसूचीत पानाची नोंद करताना गूगल त्याची मोबाइल आवृत्तीच पाहते.

शोधनिकालात गूगल कधीकधी स्वतःचेच शीर्षक दाखवते, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. मात्र तेही बहुधा पानावरच्या टायटलमधून किंवा हेडिंगमधूनच उचललेले असते. मेटा डिस्क्रिप्शनने (कोडमध्ये लिहिलेल्या पानाच्या थोडक्यात वर्णनाने) क्रमांक वर जात नाही, पण निकालाखाली त्या ओळी दिसू शकतात, तेव्हा त्या नीट लिहाव्यात. स्पर्धा तीव्र असेल तर एवढ्याने पहिले स्थान मिळणार नाही. तसा दावा मी केलेलाही नव्हता.

आपल्या संकेतस्थळापुरता हा वाद सर्च कन्सोल या गूगलच्या संकेतस्थळ-मालकांसाठीच्या साधनात तपासता येईल. तिथल्या परफॉर्मन्स अहवालात, लोकांनी काय शोधल्यावर आपले संकेतस्थळ दिसले, त्या शोधशब्दांची यादी असते. तीत केवळ आपल्या व्यवसायाचे नावच दिसत असेल, तर आपल्याला आधीपासून ओळखणारेच तिथवर पोहोचत आहेत. अशा वेळी टायटलपासून सुरुवात करावी. फरक दिसायला काही आठवडे लागू शकतात, तोवर ते पुन्हा पुन्हा बदलत बसू नये.